पूर्वपक्ष

"बुवा, तुमचं उत्तर अजून थांबवून ठेवलंय," गावच्या चर्चाफलकावरचं यंत्र फोनमधून म्हणालं. "आधी शमीमताईंचं म्हणणं तुमच्या शब्दांत मांडा. त्या 'हो, हेच' म्हणाल्या, की लगेच सोडतो."

मोरेश्वरबुवांनी फोन मांडीवर आपटला. आता यंत्राने कीर्तनकाराला पूर्वपक्ष शिकवायचा! सप्ताहाचे पाच दिवस सरले, आणि तांबोळ्यांची शमीम चारदा 'नाही' म्हणाली होती.

"लिही," बुवा म्हणाले. "यांना हरिनामाचा त्रास होतो, म्हणून देवळावरचा कर्णा काढायचाय."

पाचव्यांदाही 'नाही'च आलं.

"बुवा," यंत्र हळूच म्हणालं, "त्यांचं दुसरं वाक्य वाचलंत का?"

बुवांनी चष्मा लावला. नाव आणि पहिलं वाक्य, इतकंच त्यांनी वाचलं होतं: 'देवळावरचा कर्णा तिथून काढावा.' पुढे होतं: 'आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावावा. दरवर्षी पारावर येऊन बसणारी अम्मा यंदा अंथरुणाला खिळली आहे. तिला बुवांचं कीर्तन ऐकू येत नाही.'

पाच दिवस! आणि रोज संध्याकाळी ते घसा ताणून सांगत होते, की सगळ्यांत एकच राम आहे. त्यांचे कान तापले.

त्यांनी आपलं उत्तर पुसलं आणि चिपळ्या घेऊन ते तांबोळ्यांच्या दारी गेले. शमीमने दार उघडलं, पण त्यांना मान वर करवेना.

"चुकलो गं पोरी," एवढंच ते म्हणाले.

आतून क्षीण आवाज आला, "कोण, बुवा आले? या, या. मला वाटलं, यंदा घसाच बसला बिचाऱ्यांचा."