आठ चाकांची गाडी

मागचं दार चुकलं होतं.

कवळीवाल्यांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. त्यांनी डावी-उजवीकडे उघडणारी दोन दारं बसवली होती. मुलगा आत्ताच फोनवर म्हणाला होता, की दार एकच असतं, ते वरून खाली उघडतं आणि त्याच्यावरूनच सैनिक आत चढतात. त्यांनी पातळ पात्याने दोन्ही दारं सोडवून काढली. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं, पण कपाळावर आठी चढली नाही.

तीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या होत्या. काम थांबलं तसं कानशी, कोरण्या, बारीक ड्रिल सगळं डब्यात गेलं होतं. मग मुलगा सैन्यात भरती झाला, चिलखती गाडीवर चालक म्हणून, आणि डबा पुन्हा उघडला. आठ चाकांची ती गाडी ते खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आकारात घडवत होते. दुकानातून तयार संच आणला होता, पण त्यात नुसतं वरचं कवच. आत पोकळ. कवळीवाल्यांना आतलंच हवं होतं: चालकाचं आसन, त्याची खिडकी, पायाखालचा पत्रा. शेजारी तिला रणगाडा म्हणत. रणगाड्याला साखळपट्टे असतात, हिला चाकं आहेत, हे ते प्रत्येकाला न कंटाळता सांगत.

दर रविवारी मुलाचा फोन यायचा. कवळीवाले प्रश्न कागदावर लिहूनच बसलेले असायचे. आसन तळापासून किती उंच? पाय नेमके कुठे येतात? मुलगा लगेच कधी सांगायचा नाही. बघून सांगतो म्हणायचा आणि पुढच्या रविवारी अगदी बरोबर सांगायचा. काही गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, असं म्हणून काही प्रश्न गाळायचा.

बायकोचं डोकं फिरायचं. पोराला झोप मिळते का, पोटभर जेवतो का, हे राहिलं बाजूला. ती फोन ओढूनच घ्यायची. मुलगा तिला सांगायचा, पहाटे तीनला उठावं लागतं, आत फार उकडतं, बाकी मजेत. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याच्या मनगटांवर भाजल्याचे डाग होते. तापलेल्या लोखंडाशी गाठ, चालायचंच, म्हणाला. अंगानेही चांगला भरला होता. सैन्यात जाऊन पोट सुटलेला आमचाच एक, असं ती जावांना कौतुकाने सांगत सुटली होती.

मंगळवारी दुपारी बातमी आली. मुलाच्याच पलटणीची एक आठ चाकी गाडी गस्तीवर असताना सुरुंगावरून गेली होती. आतले सैनिक जखमी होते. किती, कोण, काही सांगत नव्हते. मुलाचा फोन लागेना. पलटणीच्या कार्यालयात फोन लावला, तर तिथे रिंग नुसती वाजत राहायची.

बुधवारी सकाळी ती चहा घेऊन आली, तर कवळीवाले त्या गाडीसमोर बसलेले. पुढच्या डाव्या चाकावर बोट ठेवून.

"ते खेळणं आधी उचला तिथून," ती म्हणाली. "दोन वर्षं त्या डब्याचे लाड चाललेत. पोरापेक्षा तोच प्यारा झालाय तुम्हाला."

ते चिडले नाहीत. त्यांनी गाडीचं छत अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि चालक कुठे बसतो ते तिला दाखवलं. डावीकडे, सगळ्यात पुढे, चाकाच्या जवळजवळ वरच. सुरुंगावर बहुतेक वेळा पहिलं चाक जातं, हेही सांगितलं. दोन वर्षं ते या गाडीत एकच गोष्ट शोधत होते. स्फोट झाला तरी पोरगं जिथून धडपणे बाहेर येईल अशी एखादी वाट, एखादी जाड पट्टी, वीतभर जागा.

"सापडली नाही," ते म्हणाले. "मला हिची हौस नाही गं. मला हिची भीती वाटते."

ती स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. चहा तसाच निवला. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही.

गुरुवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला. तिने उचलला, मुलाचा आवाज ऐकला आणि तिला रडूच कोसळलं. त्या भागातले सगळे फोन दोन दिवस बंद ठेवले होते, मुलगा सांगत होता. गाडीतले सगळे वाचले. चालकाचा पाय मोडलाय, पण तोही बरा होईल. आपल्याला काही म्हणजे काही झालेलं नाही, हे त्याने आईला तीनदा सांगितलं.

कवळीवाल्यांनी फोन घेतला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले होते.

"म्हणजे ती गाडी तुझी नव्हती," ते म्हणाले.



"बाबा, माझी कुठलीच गाडी नाही."

मग तो अडखळत सांगत गेला. भरती चालक म्हणूनच झाली होती, पण डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. ते घरी सांगायला फोन केला, तर बाबांनी संच आणून कामाला सुरुवातही केली होती. नंतर धीरच झाला नाही. दर आठवड्याला तो बाबांचे प्रश्न खऱ्या चालकांना विचारून ठेवायचा.

"तुम्हाला गाडीची एवढी हौस, ती माझ्याने मोडवेना. मी पहिल्या दिवसापासून पलटणीच्या भटारखान्यात आहे. पाव भाजतो. रागावलात, बाबा?"

"हेच परत एकदा सांग," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी फोन बायकोच्या कानाला लावला.