डाव्या हाताची दुरुस्ती

बायको गेल्यावर माणसं रडतात म्हणे. तो कामाला बसला. पियानोच्या मिडी फाइलींत जीव ओतणं हाच त्याचा धंदा होता. अशा फाइलीत मुळात आवाज नसतोच. कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, एवढंच तिला ठाऊक असतं. बाकीचं सगळं तो भरायचा.

जुन्या कॉम्प्युटरवर बायकोनं वाजवलेली एक फाइल सापडली, मुलगी बालवाडीत असतानाची. अर्ध्यावर वाजवणं थोडा वेळ थांबलेलं आणि पुढे शेवटपर्यंत नुसता उजवा हात. "कंटाळली असेल," तो पुटपुटला आणि गिऱ्हाइकाचं काम करावं तसं त्यानं तेही केलं. चांगल्या पियानोचा आवाज चढवला, मधली फट बुजवली आणि डाव्या हाताचे सूर तिच्याच ढंगानं एकेक करून बसवले. जोड कुठे दिलाय ते कुणाच्या बापाला कळलं नसतं.

रविवारी मुलगी आली तेव्हा त्यानं हेडफोन तिच्या हातात दिला. ती डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्यावर तिनं डोळे उघडले.

"बाबा, इथे डावा हात कुठून आला?"

"मी घातला. तुझ्या आईनं मध्येच सोडून दिला होता."

तिनं हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"सोडला नव्हता, बाबा. मी तापानं रडत आले म्हणून ती थांबली होती. पुढचं सगळं तिनं डाव्या हातानं मला कुशीत धरून वाजवलं."