हत्यारांची सुट्टी

खंडेनवमीला सकाळी आठ वाजता, जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमच्या फ्लॅटमध्ये ऊर्मिलाबाईंनी पाटावर सुरी, कात्री आणि मुलाचा, श्रीपादचा, ऑफिसचा लॅपटॉप मांडून हळदकुंकू वाहिले.

"आज याला हात लावायचा नाही. हत्यारांनाही एक दिवस सुट्टी असते."

"आई, ते हत्यार नाहीये गं."

"मग त्या युद्धनौकेवर काय भजनं लावून देतोस?"

श्रीपाद हसला. तांबड्या समुद्रात तैनात असलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेच्या संरक्षण यंत्रणेवर तो काम करत होता. पाण्याला लगटून येणारे क्षेपणास्त्र नौकेच्या रडारला उशिरा दिसत होते. त्यावरची दुरुस्ती लॅपटॉपमध्ये तयार होती, फक्त पाठवायची राहिली होती. त्याने साहेबांना, मायरना, फोन लावून पूजेचे कारण सांगितले.

मायरही हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर! शस्त्रांनाही फायरटाग, सुट्टीचा दिवस, हवाच. उद्या पाठव. तांबड्या समुद्रात सध्या सगळं शांत आहे."

दसऱ्याच्या सकाळी श्रीपादने झाकणावरचे कुंकू पुसले, लॅपटॉप उघडला आणि दुरुस्ती पाठवून दिली.

"बघ," त्याच्यापुढे चहा ठेवत ऊर्मिलाबाई म्हणाल्या, "एक दिवस थांबलास म्हणून काही बिघडलं का?"



दुरुस्ती मिळाली की नौकेवरून मिनिटभरात आपोआप पोच येते. संध्याकाळपर्यंत ती आली नव्हती, आणि लंडनमधल्या नौदलाच्या कार्यालयात कोणी फोन उचलत नव्हते.