निळ्या शंखाची मागणी

दूरच्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये आलेल्या पाहुण्याला बायकोच्या साडीसारख्या निळ्या शंखाची गोगलगाय हवी होती. ओढ्यातल्या गोगलगायींची उत्क्रांती आता प्रयोगशाळेच्या टाकीत आठवड्याभरात उरकत असे. हवी तशी निळी एकच निघाली. उरलेल्या हजारो, बिनशंखाच्या, दोन तोंडांच्या, लिबलिबीत गोगलगायी एकमेकींना खात होत्या. दुर्गंधीमुळे संशोधक मृण्मयी डबीरांनी नाकाला पदर लावला.

"मॅडम, हा गाळ ओढ्यात ओतून टाका," रिसॉर्टचा व्यवस्थापक म्हणाला.

"ओढ्यात? तिथे मूळच्या अठरा जाती अजून तगून आहेत."

"त्या मातकट गोगलगायी बघायला कोण येतं?"

मृण्मयीबाईंनी मिठाचं अख्खं पोतं टाकीत रिकामं केलं. फेस उसळला. त्या तिथेच ओकल्या. पण आपणच जन्माला घातलेल्या जिवांची शेवटची वळवळ थांबेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.