पैलतीराची तारीख

या, असे जवळ सरकून बसा. यमाला दाराबाहेर ताटकळत ठेवणाऱ्या एका हट्टी बापाची गोष्ट सांगतो.

एका सकाळी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा तो पलंगावर उशीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. उभी हयात गोदीत क्रेन चालवलेला माणूस, आता छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. हा उन्हाळा निघणं कठीण, असं बाईंनी म्हटलं होतं. उन्हाळा सरून थंडी पडली होती.

“दुसरा भाग खेळल्याशिवाय मी हलत नाही,” तो म्हणाला. “वर तसं कळवून टाका.”

दुसरा भाग ‘पैलतीर’ नावाच्या व्हिडिओ गेमचा. पहिल्या आजारपणात वेळ जावा म्हणून लेकीने त्याच्या हातात गेमचा कंट्रोलर दिला. लिव्हर ओढण्यात आयुष्य गेलेल्या बोटांना तो असा मानवला की विचारू नका. धुक्यातली नदी, एक होडी, होडीत एक कंदील. होडी मध्यावर पोचते आणि पहिला भाग संपतो. पलीकडच्या काठावर काय आहे, ते दुसऱ्यात. गेम कुठल्या कंपनीचा नव्हता. ‘नावाडी’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी एकट्याने घरबसल्या केलेला. दुसऱ्या भागाची तारीख जाहीर व्हायची, जवळ यायची आणि पुढे जायची.

मेहुणा यायचा तो टोमणा घेऊनच. पोरांचे खेळ पुरे, आता नाम घ्या, म्हणायचा.

“नाम घेतोच की,” म्हातारा म्हणाला. “देवाला माझी घाई नाही. तुम्हाला कसली?”

“तसं नव्हे, दाजी,” म्हणत मेहुणा चहाच्या कपात बघत बसला.

इंटरनेटवर चाहत्यांचा धीर सुटला होता. नावाड्याला कुणी लबाड म्हणे, कुणी आळशी. सगळ्यांत तिखट आपला म्हातारा. हात थरथरायचे, म्हणून तो सांगायचा आणि लेक टाइप करायची. ती दिवसभर आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करायची, पण हाक आली की हातचं टाकून यायची.

“लिही. अरे कासवाच्या औलादी, माझी होडी मध्यावर सोडून झोपलास होय? बघतोच आधी कोण थकतं ते. लिहिलंस?”

“लिहिलं, बाबा.”

“औलादी लिहिलंस?”

“ते सगळ्यांत आधी लिहिलं.”

असा संदेश गेला की त्याला भूक लागायची. भाकरी मागून खायचा.

त्या सकाळी निघताना डॉक्टरीणबाईंनी लेकीला जिन्यात थांबवलं. औषधं आता नावापुरती उरली, म्हणाल्या. हा राग आहे तोवर काका आहेत.

“तो गेम आला, की मनाची तयारी ठेव.”



आणि तारीख खरंच उंबरठ्यावर आली. त्या दिवशी संध्याकाळी गेम येणार होता. चाहते म्हणू लागले, या वेळी नक्की. म्हाताऱ्याने दाढी करवून घेतली, धुतलेला सदरा घातला, मेहुण्याला मुद्दाम बोलावणं धाडलं. पण सकाळपासून त्याने कुणालाही शिवी दिली नव्हती. जेवण ताटात तसंच राहिलं होतं. आवाज मऊ झाला होता, आणि लेकीला तेच बघवेना.

“पोरी,” त्याने तिचा हात धरला, “आज पलीकडचा काठ पाहिला की मी मोकळा. दमलोय गं.”

“पडा जरा. मी आलेच.”

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पडद्यावर पैलतीर उजळला होता. घाट, झाडं, होडीची वाट बघत उभी असलेली माणसं. एकेक पान तिने स्वतः रंगवलेलं, केव्हाच पुरं झालेलं. तिने ते बंद केलं. मग जगभरच्या चाहत्यांसाठी लिहिलं, ‘माफ करा, आणखी थोडा वेळ लागेल,’ आणि खाली सही केली : नावाडी.

भिंतीपलीकडे मोबाइल वाजला आणि म्हाताऱ्याचा आवाज पुन्हा चढला.

उशीर केला म्हणून कुणाला बोल लावाल, बाबांनो, तेव्हा या लेकीची तेवढी आठवण ठेवा.