विजेच्या गाडीचा पहिला आवाज

आमच्या मोटरवेड्यांच्या क्लबात गाडीची परीक्षा कानांनी होते. नव्या गाडीभोवती सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं आणि इंजिनाचा पहिला आवाज ऐकायचा. क्लबातल्या सगळ्यांत जुन्या आप्पांनी मान डोलावली, की मालक दर रविवारी आमच्याबरोबर पन्हाळ्याच्या रस्त्यावर मिसळ खायला पात्र ठरतो.

त्या सकाळी पन्हाळ्याच्या घाटात विश्वंभर विजेची स्पोर्ट्स कार घेऊन आला. जुनी विकून घेतलेली. "आप्पा, नाही म्हणू नका. रविवारी मी दुसरं कुठं जाऊ?"

"विजेची म्हणजे मिक्सरच की रे," आप्पा म्हणाले. "त्यापेक्षा हायड्रोजन बरा. निदान फुस्स तरी करेल."

"माझं ऐका, इथेनॉल," सर्जेराव म्हणाले. त्यांचा ऊस आहे. "गाडी पुढं, काकवीचा वास मागं."

"गप्प बसा. डोळे मिटा," आप्पांनी दटावलं.

आम्ही मिटले. विश्वंभर गाडीत बसला. धुकं गालांना लागत होतं. दरीत कुठंतरी बुलबुल बोलला, मग दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. गवतावरून वारा सावकाश गेला आणि आपण सगळे ढगात उभे आहोत, असं वाटू लागलं.

बऱ्याच वेळानं आप्पा पुटपुटले, "गाडी मंजूर. हिच्या निमित्तानं इथला बुलबुल तरी ऐकला. पण विश्वंभरला सांग, एवढ्यात सुरू करू नको म्हणावं."

मी हळूच एक डोळा उघडला. गाडी केव्हाच निघून समोरच्या डोंगराचं वळण चढत होती, धुक्यातला एक निळा ठिपका. आप्पा मिटल्या डोळ्यांनी हसत होते.

मीही डोळा परत मिटून घेतला.