पाच सेंटीमीटर

उद्या सैन्यभरतीची वैद्यकीय तपासणी होती. वयोमर्यादा वाढल्यामुळे चाळिशीच्या प्लंबरला ही पहिली आणि शेवटची संधी होती. पोट आत गेलं होतं, धावताना धाप लागत नव्हती. फक्त श्वास घेतल्यावर छाती पाच सेंटीमीटर फुगायला हवी, तेवढी फुगत नव्हती. सकाळपासून तो खोलीत येरझारा घालत होता आणि दर फेरीला शिवणयंत्राशी बसलेल्या बायकोला उठवत होता. "चाळिशीत लोकांना चष्मा लागतो, तुला भरतीचं वेड लागलंय!" "टोमणे नंतर मार, आधी टेप धर." त्याने छाती फुगवली. तिने टेप छातीभोवती गुंडाळली, आकड्यावर अंगठा ठेवला. विचारायचं तर श्वास सोडावा लागणार होता. तो लालबुंद होऊन तिच्याकडे बघत राहिला. शेवटी श्वास सुटला. "किती?" "बघायचं राहिलं," ती म्हणाली, आणि आवाजावरूनच त्याला आकडा कळला.